गिरणीच्या मॉडेलमधल्या पाच ओळी

“मॅडम, ही मानसं उभी का हायेत?”

एस्तरबाईंनी पिठानं भरलेलं बोट माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर टेकवलं. स्क्रीनवर छोटी निळी माणसं एकामागं एक उभी होती. समोर एक चौकोन होता, त्यावर ‘गिरणी’ असं लिहिलं होतं. दर काही सेकंदांनी एक माणूस चौकोनात शिरायचा, हिरवा व्हायचा आणि पलीकडून बाहेर पडायचा. आमच्या कॉलेजातल्या पोरांनी तीन आठवडे खपून हे केलं होतं.

“रांग आहे ती. दळण होईपर्यंत थांबलेली गिऱ्हाइकं,” मी म्हणाले.

“माझ्या गिरणीत मानूस उभं ऱ्हात न्हाई. डबा उभा ऱ्हातो.”

त्यांनी मागं हात केला. ओट्यावर भिंतीला लागून बावीस-पंचवीस डबे ओळीनं मांडलेले होते. झाकणांवर रंगानं नावं घातलेली. माणूस एकही उभा नव्हता. डबा ओळीत ठेवायचा, “बारीक काढा” म्हणायचं आणि घरी जायचं, स्वयंपाक आटोपून तासाभरानं परत यायचं, ही इथली रीत. मीही तेच करत होते, निदान माझी तशी समजूत होती. तरीही पोरांचं मॉडेल तपासताना हे माझ्या लक्षात आलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायची सवय एकदा लागली की अशी फजिती होते.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी मूळची सांगलीची. नोकरीसाठी शिरूरला आले ती इथलीच झाले. रांजणगावच्या एका कारखान्यात माझं काम सिम्युलेशनचं होतं. सिम्युलेशन म्हणजे खोटं-खोटं करून बघणं. नवं मशिन आणायचं, माणसं वाढवायची, कामाचा क्रम बदलायचा, हे सगळं आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचं आणि मग खऱ्या जागी हात घालायचा. लग्न केलं नाही. का, ते विचारणारी माणसंही आता उरली नाहीत. रिटायर झाल्यावर शॉप फ्लोअरचा आवाज बंद झाला तसं माझ्याशी बोलणंही बंद झालं. पहिले सहा महिने असे काही दिवस गेले की संध्याकाळी फोन आला तर आवाज फुटायच्या आधी घसा खाकरावा लागायचा.

म्हणून दौंडजवळच्या एका कॉलेजानं विचारलं तेव्हा लगेच हो म्हटलं. आठवड्यातून तीन दिवस एसटीनं शिरूर ते दौंड. विषय ‘मॉडेलिंग अँड सिम्युलेशन’.

हा विषय पूर्वी फळ्यावर गणितं मांडून शिकवायचे आणि पोरं झोपायची. आता ग्राफिकल टूल आलंय. स्क्रीनच्या डाव्या बाजूला ठोकळे असतात, ते माउसनं उचलून मधे आणायचे आणि बाणांनी जोडायचे. ‘सोर्स’ म्हणजे गिऱ्हाईक येतं ते दार. ‘क्यू’ म्हणजे रांग. ‘सर्व्हर’ म्हणजे काम करणारा, मग तो माणूस असो की मशिन. ‘सिंक’ म्हणजे बाहेर जायचं दार. रनचं बटण दाबलं की सगळं हलायला लागतं. स्लायडर सरकवला की दिवसाचं काम मिनिटात दिसतं. पोरांना हे भलतंच आवडतं. पहिल्या तासाला निम्म्या वर्गानं निळ्या माणसांच्या जागी ट्रॅक्टर लावले होते.

मी त्यांना सांगितलं, पुस्तकातली बँक नको, विमानतळ तर नकोच. तुम्ही रोज बघता ती एक जागा घ्या. गिरणी मीच सुचवली. शिरूरला मिशन कंपाउंडच्या मागच्या गल्लीत एस्तरबाई साळव्यांची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून बाई एकट्या चालवतात. त्यांची अडचण मला ठाऊक होती. डबे साचत होते. बायपासच्या बाजूला नवी गिरणी निघाली होती, तिथं दळण लगेच मिळतं म्हणून गिऱ्हाईक तिकडं वळत होतं. एस्तरबाईंच्या भावानं दौंडची आपली गिरणी बंद केली होती आणि त्याचं मशिन तो बहिणीला द्यायला तयार होता. घोडं जागेवर अडलं होतं. दुसरं मशिन बसायचं तर ओट्यावरचं बाकडं काढावं लागणार होतं.

हे बाकडं चर्चचं. चर्चमध्ये खुर्च्या आल्या तेव्हा एक बाकडं एस्तरबाईंकडं आलं. पाठीला प्रार्थनेचं पुस्तक ठेवायची फळी अजून आहे. तिच्यावर रंगनाथआबा तंबाखूची पिशवी ठेवायचे. आबा नदीकडच्या वस्तीवरचे, बागाईतदार, एके काळी सोसायटीचे चेअरमन. आता शेती मुलगा बघतो. सोमवार आणि शनिवारी वडापच्या शेअर रिक्षातून ते दळण घेऊन यायचे.

तर प्रश्न सरळ होता. दुसरं मशिन घ्यावं का? एस्तरबाईंना खरंच उत्तर हवं होतं. त्यांना गिरणी सोडून दुसरं काही येत नव्हतं आणि गिऱ्हाईक डोळ्यांदेखत कमी होत होतं. आमच्या विभागप्रमुखांना, खैरे सरांना, वेगळं काही हवं होतं. कॉलेजात तपासणीसाठी कमिटी येणार होती. “मॅडम, एक लाइव्ह केस पाहिजे. खरी जागा, खरा निर्णय. कमिटीला हलतं चित्र फार आवडतं,” असं ते मला दोनदा सांगून गेले.

नोंदी घेतल्या अश्विनी शितोळेनं. वडील दौंडला रेल्वेत, मुलगी अबोल आणि कामाला पक्की. तिची मावशी गिरणीच्या समोरच राहते. दिवाळीच्या सुट्टीत ती मावशीच्या गॅलरीत सहा दिवस वही घेऊन बसली. लांबूनच बस, असं मी तिला बजावलं होतं. माणसाला कळलं की आपल्याला मोजतायत, तर ते वेगळं वागतं. तिनं प्रत्येक गिऱ्हाइकाला एक नंबर दिला. एक गिऱ्हाईक, एक ओळ. डबे किती, ठेवले कधी, पीठ कधी झालं, माणूस निघालं कधी.

एस्तरबाईंनी पहिलं मॉडेल उडवल्यावर आम्ही दुसरं केलं. आता रांगेत डबे. माणूस डबा ठेवून जाणार आणि नंतर येऊन नेणार. ते घेऊन मी पुन्हा गेले. बाईंनी दोन मिनिटं बघितलं.

“ह्यो गहू गेला. त्याच्यामागं बाजरी कशी काय गेली?”

“आधी आली म्हणून.”

“आसं न्हाई चालत, मॅडम. गव्हावर गहू. मग ज्वारी. मग बाजरी. डाळ सगळ्यात शेवटी. गव्हाच्या मधी बाजरी घातली तर म्होरल्याची चपाती काळी पडंल, आन् ती बया डबा माझ्या डोक्यात घालंल. उपासाचं दळण आसंल तर मशिन झाडून सकाळी पयलं.”

कारखान्यात याला आम्ही चेंजओव्हर म्हणायचो. एका मालावरून दुसऱ्या मालावर जाताना मशिन थांबवून साफ करावं लागतं, वेळ जातो, म्हणून एकसारखा माल एकत्र काढायचा. नोकरीभर मी हेच मोठमोठ्या शब्दांत सांगत आले. बाईंनी ते चार शब्दांत सांगितलं. रविवारी चर्चमुळे गिरणी बंद, म्हणून सोमवारी गर्दी. गुरुवारी लाइट जाते, म्हणून शुक्रवारी गर्दी. हे सगळं आम्ही टूलमध्ये घातलं. मॉडेल चालू लागलं, आणि खऱ्या गिरणीसारखं चालू लागलं. वर्गात पोरांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एकच खोड राहिली होती. मधेच चार-पाच ठिपके लाल व्हायचे. टूलच्या भाषेत लाल म्हणजे अडकलेला. काम झालं तरी बाहेरच्या दाराकडं जात नाही.

अश्विनी वही घेऊन आली. “मॅडम, ह्या पाच ओळींमुळं होतंय. ह्यांचं पीठ होतं, तरी ती निघत नाहीत. चौदा नंबरचं बघा. पीठ पावणेदहाला झालं, निघाले बाराला.”

“नोंद चुकली असेल.”

“नोंद मीच केलीय, मॅडम.”

“मग दुसऱ्याच माणसाला चौदा नंबर समजलीस. पीठ झाल्यावर दोन तास कोण कशाला थांबेल? हे आउटलायर आहेत.”

आउटलायर म्हणजे कळपात न बसणारी नोंद. शंभर जणांचं एकसारखं आणि पाचांचं भलतंच, तर ते पाच काढून टाकतात. त्याला डेटा क्लीनिंग म्हणतात. शब्द मोठा स्वच्छ आहे.

“खोडू?” तिनं विचारलं. ती माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. मला वाटलं, मेहनत वाया जातेय म्हणून वाईट वाटत असेल.

“खोड,” मी म्हणाले.

खोडल्यावर लाल ठिपके गेले. मॉडेल लोण्यासारखं चालायला लागलं.

कमिटीच्या आदल्या आठवड्यात लॅपटॉप पुन्हा गिरणीत नेला. एस्तरबाईंच्या हातात माउस दिला. हे टूल शिकवायला चांगलं ते याचसाठी. समोरचा माणूस नुसता बघत नाही, स्वतः करतो. बाईंनी डाव्या बाजूचा ‘सर्व्हर’ ठोकळा उचलला, पहिल्याच्या शेजारी आणून ठेवला. मी म्हटलं, आता रन दाबा. त्यांनी दाबलं. डब्यांची लांबलचक रांग भराभर आखडत गेली. आधी डब्याला तासभर लागायचा, आता पाव तास.

“आन् बाकडं?” बाईंनी विचारलं.

मी स्क्रीन बघितली. बाकडं मॉडेलमध्ये नव्हतंच. डबे ओट्यावर राहणार, माणसं घरी जाणार, बसायचंय कुणाला? “त्याची गरज दिसत नाही,” मी म्हणाले.

मी हे बाकड्यावर बसूनच म्हणाले.

मशिन बसलं. बाकडं चर्चच्या व्हरांड्यात परत गेलं. कमिटी आली, हलतं चित्र बघून खूश झाली, आणि खैरे सरांनी मला पेढा दिला. अश्विनीनं प्रेझेंटेशन नीट केलं, पण शेवटी “काही शंका?” असं विचारताना तिनं कमिटीऐवजी माझ्याकडं बघितलं.

त्या शनिवारी मी एकटीचंच दळण घेऊन गेले. एस्तरबाईंनी डबा हातातूनच घेतला. दहा मिनिटांत परत दिला.

“घ्या मॅडम. झालं बी.”

मी डबा घेऊन उभी राहिले. एका मशिनच्या जागी दोन मशिनचा आवाज होता. बोलायचं तर ओरडावं लागत होतं. आणखी दोन बायका आल्या, डबे दिले, घेतले, गेल्या. उभं राहायला उन्हाशिवाय जागा नव्हती. मी साडेनऊला घरी पोचले. पीठ डब्यात, डबा फळीवर. मग खुर्चीत बसले आणि माझ्या लक्षात आलं की अजून दहासुद्धा वाजले नाहीत. शनिवार, रविवार, दोन्ही दिवस कॉलेज नाही. सोमवारी सकाळी कंडक्टरला “दौंड एक” म्हणाले, तोवर माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. हे मी मोजलं नव्हतं, पण आठवून बघितलं तेव्हा तसंच होतं. जिवाला फार लागलं ते. तरी मी त्याचा संबंध बाकड्याशी जोडला नाही.

नव्याचे नऊ दिवस गेले. डिसेंबरच्या मध्यावर एस्तरबाईंचा फोन आला.

“मॅडम, येऊन जावा जरा.”

गेले तर एक मशिन बंद होतं. ओट्यावर आठ-नऊ डबे.

“नाताळ तोंडावर आलाय. ह्या दिवसांत मला मान वर करायला सवड नसती. बघा ही रांग. बायपासच्या गिरणीवाल्याकडं बी गर्दी न्हाई, मी मानूस धाडून बघितलं. मग डबं गेलं कुठं? तुमच्या खेळात हे कुठं दिसत व्हतं का?”

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. गिरणी त्यांची होती, पोट त्यांचं होतं, आणि बटण दाबायला मी सांगितलं होतं.

“आबा येतात का?” मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

“मशिन बसल्यावर येकदाच आलं. हितं उनात उभं ऱ्हायलं. पाय दुखाया लागलं. घरी जाऊन बोललं आसतील, तर पोरानं घरघंटी आणली. बटन दाबलं की पीठ. आता कशाला येत्यात?”

घरघंटी म्हणजे घरात ठेवायची छोटी गिरणी, कपाटासारखी. मुलानं बापाचे हेलपाटे वाचवले होते. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी अश्विनीला बोलावलं. म्हटलं, मॉडेल उघड, कुठं चुकलं बघू. तिनं मॉडेल उघडलं नाही. दप्तरातून वही काढली.

“मॅडम, मी फाइलमधून खोडलं होतं. वहीत तसंच आहे.”

तिनं ते पान समोर ठेवलं. पाच ओळींखाली पेन्सिलनं रेघ मारलेली. प्रत्येक ओळीत डब्यांचा आकडा होता. चौदा नंबर, दर वेळी पाच डबे. सात नंबर, चार. बावीस नंबर, चार.

“चौदा नंबर म्हणजे रंगनाथआबा,” ती म्हणाली. “मी मावशीला विचारलं. ते वस्तीवरच्या चार घरांचं दळण पण आणायचे. बाकीची पण तशीच. शेजाऱ्यांचे डबे घेऊन यायची. आठवड्याचे सगळे डबे मोजले तर जवळजवळ चौथा भाग ह्या पाच जणांनी आणलेला आहे.”

मला कळायला वेळ लागला नाही. एका माणसाचं दळण ते केवढं? घरातून निघायला तेवढं निमित्त पुरत नाही. म्हणून शेजाऱ्यांना विचारायचं, “तुमचं द्या, मी चाललोच आहे.” मग पाच डबे होतात, पाच डब्यांना वेळ लागतो, आणि वेळ लागतो म्हणून बसता येतं. आम्ही ही पाच माणसं मॉडेलमधून खोडली. मग मॉडेल बघून बाकडं काढलं, तर ती खरोखरच गेली, आणि जाताना डबे घेऊन गेली. मॉडेल अगदी तंतोतंत खरं ठरलं होतं.

“आणि हे एकतीस?” मी विचारलं. पाचातली शेवटची ओळ. डबे तीन. शनिवार. पीठ सव्वानऊला झालं, निघाले सव्वाबाराला.

अश्विनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

माझ्या घरी मी एकटी. पण माझ्या खालच्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं राहतं, त्यांचा डबा मी नेते. शेजारच्या शिक्षिकेचाही नेते. तीन डबे. शनिवारी.

“मी होते का ही?”

“हो, मॅडम.”

“अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तुम्ही म्हणालात, पीठ झाल्यावर दोन तास कोण कशाला थांबेल. तुम्ही तीन तास होता. कसं सांगणार?”

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी स्वतः बघितला. मी पीठ घेते आणि लगेच निघते, असं मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं. तीन तास! त्या बाकड्यावर मी आबांकडून उसाच्या बेण्याची माहिती ऐकायचे. एस्तरबाई चाळणी मारता मारता त्यांच्या नणंदेच्या खोड्या सांगायच्या. मी कारखान्यातल्या जुन्या गोष्टी सांगायचे आणि ती दोघं ऐकायची. माझा सगळा आठवडा त्या तीन तासांवर उभा होता आणि मीच त्याला चुकलेली नोंद म्हटलं. स्वतःच्या हातानं स्वतःला खोडलं. मी लॅबमध्ये पोरांसमोर रडले नाही, पण बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

परत आले तर अश्विनीनं टूल उघडलं होतं. ‘सर्व्हर’ आणि ‘सिंक’ यांच्यामध्ये तिनं एक ठोकळा आणून ठेवला होता. त्याला ‘डिले’ म्हणतात. म्हणजे नुसतं थांबणं. त्याचं नाव तिनं बदलून ‘बाकडं’ केलं होतं. जागा पाच. थांबायचा वेळ, मर्जीप्रमाणे. बसायला जागा नसेल तर त्या गिऱ्हाइकाचे डबेही यायचे नाहीत, असं तिनं त्यात जोडलं होतं.

खैरे सर मागं येऊन उभे राहिले. “हा ब्लॉक काय करतो?”

“काही नाही करत, सर,” अश्विनी म्हणाली. “माणसं बसतात.”

“मग प्रोसेसमध्ये कशाला? व्हॅल्यू ॲड काय होते?”

“काढून बघा, सर.”

तिनं ठोकळा काढला आणि रन दाबलं. रोजच्या डब्यांचा आकडा खाली आला. परत लावला, वर गेला. सरांनी दोनदा करून बघितलं. मग म्हणाले, “कमिटीला मात्र कळवू नका.”

मी ते मॉडेल घेऊन एस्तरबाईंकडं गेले. आधी चूक कबूल केली. चुकलं कुठं ते सांगितलं, पाच ओळींचंही आणि माझ्या ओळीचंही. बाई हसल्या नाहीत. “तुम्ही शनिवारी येत व्हता ते दळणासाठी न्हाई, हे मला म्हाईत व्हतं,” एवढंच म्हणाल्या. “मला वाटलं, तुमच्या मशिनला बी म्हाईत आसंल.”

दुसरं मशिन आता हलवणं शक्य नव्हतं. ओट्यापुढं गल्लीच्या बाजूला पत्रा ओढला आणि त्याखाली बाकडं ठेवायचं ठरलं. नाताळच्या दोन दिवस आधी चर्चची चार माणसं ते उचलून घेऊन आली. दुसरं मशिन फक्त गर्दीच्या वेळी चालवायचं, एरवी बंद, म्हणजे बोललेलं ऐकू येतं. हळूहळू सात नंबर आले. बावीस नंबर आल्या. डबे वाढले. पण चौदा नंबर येईना.

मी आबांच्या वस्तीवर गेले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. घरघंटी आत होती, तिच्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर फुलदाणी.

“आबा, बाकडं परत आलंय.”

“आसं व्हय? बरं झालं.”

“मग या की.”

“मॅडमबाई, घरात गिरणी आसताना दळण घिऊन गावात गेलो तर पोराला वाईट वाटंल. त्यानं माझ्यासाठीच आणली.” त्यांनी दोन्ही हात पुढं केले. “आन् रिकाम्या हातानं कसं जायाचं? काय काम काढलं म्हनून कुनी इचारलं, तर काय सांगू?”

मी चहा घेतला आणि परत आले.

उत्तर एस्तरबाईंना सुचलं. आबा शेवटचे आले तेव्हा मशिनच्या वेगात आणि उन्हात त्यांचा एक डबा गिरणीतच राहिला होता. बाईंनी फोन लावला. मी शेजारीच होते.

“आबा, तुमचा डबा हितंच पडून हाय की. किती दिस सांभाळू? येऊन घिऊन जावा.”

सोमवारी सकाळी आबा आले. सोबत वस्तीवरच्या दोन घरांची दळणं होती, “येतोच हाय तर” म्हणून आणलेली. बाकड्यावर बसले, फळीवर तंबाखूची पिशवी ठेवली. माझं त्या दिवशी कॉलेज होतं, मी दहाची एसटी सोडून दिली. बारा वाजता ते उठले. एस्तरबाईंनी त्यांचा डबा समोर आणून ठेवला. घासून लख्ख केलेला.

आबांनी डब्याकडं बघितलं, मग बाकड्याकडं.

“ऱ्हाऊ द्या आज. हात मोकळं न्हाईत,” ते म्हणाले. “म्होरल्या सोमवारी नेतो.”

बाईंनी डबा उचलून परत ओळीत ठेवला.

त्याला आता बरेच सोमवार झाले. डबा अजून तिथंच आहे. त्यात काही नसतं. गहू असो की ज्वारी, तो ओळीत पहिला असतो आणि त्याच्या आधी कुणी डबा लावत नाही. अश्विनीनं तोही मॉडेलमध्ये घातला. सर्व्हिस टाइमच्या, म्हणजे दळायला लागणाऱ्या वेळेच्या, रकान्यात काय लिहू, असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, शून्य लिही, आणि ओळ खोडू नकोस.

दर वर्षी नव्या बॅचला मी टूल शिकवते. ठोकळे, बाण, रनचं बटण. शेवटच्या तासाला डेटा क्लीनिंग येतं. तिथं मी एवढंच सांगते की ओळ खोडायच्या आधी ती कुणाची आहे ते जाऊन विचारा. पोरं ते लिहून घेतात. परीक्षेत हा प्रश्न येत नाही.

एस्तरबाईंनी मागं एकदा मला सुचवलं होतं, दर आठवड्याला दोन किलो कशाला आणता, एकदम दहा आणा, महिनाभर बघायला नको. दहा किलोचा डबा माझ्या घरात आहे. तो मी अजून काढलेला नाही.